टीव्हीखालच्या संगणकावर विंडोज काढून गेमिंगची ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना या चुका टाळा

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून विंडोज ११ च्या अटींत न बसणारा पण अजून धडधाकट असलेला संगणक हॉलमधल्या टीव्हीखाली ठेवून त्याचा गेमिंग कन्सोल करावा, असे अनेकांना वाटू लागले आहे. त्यासाठी दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात. स्टीम हे ऑनलाइन गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या संगणकासोबत आणलेली, आर्च लिनक्सवर (विंडोजला पर्याय असलेल्या मुक्त लिनक्स सिस्टीमचा एक प्रकार) बेतलेली स्टीमओएस ३ हे एक, आणि फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर आधारलेली, स्वयंसेवकांनी सांभाळलेली बॅझाइट हे दुसरे. दोन्हींमध्ये संगणक सुरू होताच डेस्कटॉपऐवजी स्टीमचा गेमिंग मोड उघडतो आणि सोफ्यावर बसून कंट्रोलरने सारा कारभार करता येतो. ज्यांचा हा प्रयोग फसतो ते बहुधा सिस्टीमला दोष देतात. माझ्या मते मात्र निम्म्याहून अधिक चुका इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार करण्याआधीच झालेल्या असतात.

गेमची यादी आधी, इन्स्टॉलेशन नंतर

स्टीमवरचे विंडोजचे गेम इथे प्रोटॉनमार्फत चालतात. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेला हा प्रोटॉन वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेला असून, गेमने विंडोजला उद्देशून केलेल्या मागण्या तो लिनक्सला समजतील अशा करून देतो आणि विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीचे काम लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनकडून करून घेतो. एकट्याने खेळायचे बहुतांश गेम त्यावर विनातक्रार चालतात, आणि त्या यशावर विसंबूनच लोक पुढे फसतात, कारण ऑनलाइन स्पर्धात्मक गेमच्या बाबतीत घोडे पेंड खाते ते अँटी-चीटपाशी, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणाऱ्या प्रणालीपाशी. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजीची संगणकावरची आवृत्ती आणि कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग इथे खेळता येत नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून दिली होती. मात्र ती सोय आपल्या गेममध्ये चालू करायची की नाही, हे प्रत्येक गेमच्या निर्मात्याने ठरवायचे असते. त्यामुळे प्रोटॉनची आवृत्ती बदलून, सेटिंगमध्ये चार ओळी घालून किंवा दुसरी लिनक्स टाकून हा अडसर दूर होत नाही, आणि पळवाट शोधणाऱ्याचे खाते बंद होण्याची भीती राहते ती वेगळीच.

आज चालणारा गेम उद्याही चालेल, हेही गृहीत धरू नये. जीटीए ५ चा ऑनलाइन भाग लिनक्सवर वर्षानुवर्षे चालत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय आले आणि तो बंद पडला, कथेचा भाग तेवढा उरला. एपेक्स लेजंड्सने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस लिनक्सचा आधार काढून घेतला. म्हणून घरातली मंडळी प्रत्यक्षात कोणते गेम खेळतात याची यादी करून प्रत्येक नाव खेळाडूंचे अनुभव नोंदवणाऱ्या प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधावे, आणि तिथला शेरा सोन्याचा आहे की चांदीचा एवढेच न पाहता तो कोणत्या महिन्यात लिहिला आहे, हेही पाहावे. मुलांचा जीव फोर्टनाइटमध्ये अडकला असेल, तर विंडोज काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एपिक आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांतून विकत घेतलेले गेम हिरोइक लाँचर या ॲपने बहुधा चालतात. एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीतले संगणकावर उतरवून खेळायचे गेम मात्र चालत नाहीत.

चुकीची प्रत उतरवणे

स्टीमओएस व्हॉल्व्हची आहे म्हणून ती कोणत्याही संगणकावर चालेल, हा गैरसमज महागात पडतो. तिची उपलब्ध प्रत मुळात स्टीम डेकच्या दुरुस्तीसाठी बनलेली असून ती एएमडीचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स गृहीत धरते. एनव्हीडियाचे कार्ड असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय त्या प्रतीतला नव्याने बसवण्याचा पर्याय निवडला की संपूर्ण डिस्क पुसली जाते, विंडोजसाठी कोपरा राखून ठेवण्याची सोय त्यात नाही. एनव्हीडियावाल्यांसाठी बॅझाइटची स्वतंत्र प्रत आहे, पण डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये त्या कार्डांची कामगिरी विंडोजच्या तुलनेत कमी पडते, हे मनाची तयारी म्हणून ठाऊक असावे.

बॅझाइट उतरवताना तिचे पान यंत्र कोणते, ग्राफिक्स कोणाचे असे प्रश्न विचारते आणि शेवटी गेमिंग मोड हवा का, असेही विचारते. या शेवटच्या प्रश्नाला घाईत नकार देणारे पुष्कळ असतात आणि मग टीव्हीवर बारीक अक्षरांचा डेस्कटॉप पाहून ते हताश होतात. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. एका आज्ञेने दुसऱ्या प्रतीवर जाता येते आणि गेम जागच्या जागी राहतात.

डिस्कला हात लावण्यापूर्वी तीन कामे विंडोजमध्येच उरकावीत. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कचे कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी, कारण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट हे सुरक्षेचे सेटिंग बदलताच विंडोज ती मागू शकते. प्रगती ऑनलाइन जपणाऱ्या स्टीम क्लाउडची सोय नसलेल्या गेमच्या सेव्ह फाइल शोधून दुसरीकडे उतरवाव्यात. आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावे, कारण ते काम नंतर लिनक्समधून होत नाही. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील तर दोन वेगवेगळ्या डिस्क वापराव्यात, आणि विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-मांडणीतल्या डिस्कवरची गेम लायब्ररी दोन्हीकडून वापरण्याचा मोह टाळावा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जे फोल्डर तयार करतो, त्यात कोलन (:) असलेली नावे असतात; ती विंडोजच्या नियमात बसत नाहीत आणि कधी गेम सुरू होत नाही, तर कधी डिस्कमध्ये दोष निघतो.

दोष टीव्हीच्या बाजूचा असतो तेव्हा

टीव्ही ४के आणि १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रे दाखवणारा), कार्ड एएमडीचे रेडिऑन, केबल महागडी, आणि तरीही पडद्यावर ६० हर्ट्झच्या वर काही मिळत नाही किंवा मिळाले तरी अक्षरांच्या कडा रंगाने माखलेल्या दिसतात, अशी तक्रार असेल तर केबल बदलत बसू नये. एचडीएमआय २.१ ची सोय आपल्या लिनक्सवरच्या मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हरमध्ये देण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झाले, आणि त्यामुळे त्या ड्रायव्हरला २.० च्या मर्यादेत राहावे लागले. त्या मर्यादेत ४के चित्र पूर्ण रंगांसह ६० हर्ट्झपर्यंतच बसते. यावर फुकटचा उपाय म्हणजे डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १४४०पी (४केपेक्षा कमी बारकाव्याचे चित्र) आणि १२० हर्ट्झ निवडणे. सोफा आणि टीव्ही यांच्यात जेवढे अंतर असते, तेवढ्यावरून हा फरक फारसा जाणवत नाही. ४के सोडायचेच नसेल तर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआय २.१ चा सक्रिय कन्व्हर्टर लावता येतो, पण त्यातून व्हीआरआर (गेमच्या गतीनुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय) चालेलच असे नाही.

गेमच्या आतल्या यादीत ४के दिसतच नसेल, तर तो दोष कार्डाचा नसून गेमिंग मोडच्या मर्यादेचा असतो. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये गेम रिझोल्यूशन हे नेटिव्ह करावे. बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलत असेल तर प्रोटॉनला बोल लावण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का, हे पाहावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करावे. टीव्हीच्या रिमोटने संगणकही चालू-बंद होईल ही अपेक्षा बहुतेक ग्राफिक्स कार्डे पुरी करत नाहीत, कारण सीईसीची, म्हणजे एचडीएमआयमधून एकमेकांना आज्ञा देण्याची, सोय त्यांत नसते.

कंट्रोलरची जोडणी अधूनमधून तुटते, ही तक्रार माझ्याकडेही आठवडाभर होती. मी तीन ड्रायव्हर पालथे घातले आणि अखेरीस लक्षात आले की मदरबोर्डसोबत आलेल्या दोन अँटेना खोक्यातच पडून होत्या. अँटेना बसवूनही त्रास राहिला तर ब्लूटूथचा डोंगल छोट्या एक्सटेन्शन वायरने संगणकापासून दूर न्यावा, कारण यूएसबी ३.० च्या पोर्टमधून निघणारा गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पडतो.

दुरुस्तीच्या नादात केलेली नासधूस

या सिस्टीमचा मूळ भाग केवळ वाचण्याजोगा ठेवलेला असतो आणि अपडेट येतो तो संपूर्ण नव्या प्रतीच्या रूपाने. इतर लिनक्ससाठी लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा उतरवणाऱ्यांना म्हणूनच अडचण येते. स्टीमओएसमध्ये हे कुलूप उघडून काही बसवता येते खरे, पण पुढच्या अपडेटला ते वाहून जाते. जे हवे ते डेस्कटॉप मोडमधून फ्लॅटपॅकच्या, म्हणजे मूळ भागाला हात न लावणाऱ्या ॲपच्या, रूपात घ्यावे. एखादा गेम अडकत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडावी, आणि पहिल्यांदा उघडताना शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीच्या सूचना) तयार होत असतील तर ते काम मध्येच तोडू नये.

चित्रपटही याच संगणकावर पाहू, हा बेत सोडून द्यावा. लिनक्सच्या ब्राउझरवर नेटफ्लिक्सला ४के मिळत नाही. टीव्हीतले स्वतःचे ॲप त्यासाठी सरस आहे.

अपडेटनंतर संगणक काळ्या पडद्यावर थांबला तरी नव्याने इन्स्टॉल करण्याची घाई नको. बॅझाइट आधीची प्रत डिस्कवर राखून ठेवते आणि सुरू होतानाच्या यादीत ती निवडली की यंत्र पूर्वस्थितीत येते. ती यादी उघडते तेव्हा ब्लूटूथचा कंट्रोलर जागा झालेला नसतो, त्यामुळे वायरचा एक साधा कीबोर्ड टीव्हीखालच्या खणात कायमचा ठेवून द्यावा.