इमारतीचा वीज-पाण्याचा डेटा पोर्टलवर चढवताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका व्यापारी संकुलाचा डिझेलचा हिशेब काही केल्या जुळेना. पंपाच्या पावत्या कमी, पोर्टलवरचं, म्हणजे वीज-पाणी-इंधनाच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवरचं, डिझेल दुपटीहून जास्त. शेवटी वॉचमन मामांच्या रजिस्टरजवळ जाऊन बसलो. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "सायेब, त्यो एकोणनव्वद न्हवं, एक्केचाळीस हाय." एंट्री करणारी टीम परराज्यात बसून रजिस्टरचे फोटो बघत होती. मराठी चार त्यांना इंग्रजी आठ वाटला, मराठी एक इंग्रजी नऊ वाटला. मामांचं अक्षर स्वच्छ होतं, आकडा बरोबर होता. चूक झाली ती फोटो आणि पोर्टल यांच्या मधल्या वाटेवर.

हे काम आता कोल्हापुरातही वाढतंय. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बंधनकारक केला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या पुरवठादारांकडे आणि भाड्याच्या जागांच्या मालकांकडेही वीज, पाणी, डिझेलचे आकडे मागू लागल्यात. पोर्टल कुठलंही असो, घोळ होतात ते जवळपास ठरलेले.

वीजबिल वाचताना

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गुणक अवयव विसरणं, म्हणजे रिडींगमधला फरक ज्या आकड्याने गुणायचा तो. सीटी (मोठा विद्युतप्रवाह ठरावीक पटीत कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) बसवलेल्या मीटरवर चालू आणि मागील रिडींगमधला फरक ४१२ असेल आणि बिलावर गुणक अवयव २० असेल, तर वापर ४१२ युनिट नाही, ८,२४० युनिट आहे. आपला माणूस मीटर वाचून एक्सेल भरत असेल तर हा वीस हमखास सुटतो. पोर्टल काही तक्रार करत नाही, उलट इमारत फार गुणी दिसते.

उच्चदाब ग्राहकांनी आणखी एक बघावं. महावितरण त्यांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (कामात न आलेल्या विजेचा भारही धरणारं माप) बिल आकारते, पोर्टल मात्र केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीचे युनिट मागतं. बिलावर दोन्ही आकडे असतात, त्यातला केडब्ल्यूएच घ्या. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९ असेल आणि केव्हीएएच टाकलात, तर वापर नऊऐवजी दहा भाग दिसतो, आणि तेवढाच कार्बनही नाहक अंगावर येतो.

छतावर सोलर असेल तर फक्त बिलातले आयात युनिट, म्हणजे महावितरणकडून घेतलेली वीज, टाकू नका. सोलरच्या मीटरवर निर्मिती ३,००० युनिट, आयात २,४००, निर्यात (महावितरणला परत दिलेली वीज) ९०० असेल तर इमारतीचा खरा वापर ४,५०० युनिट. निर्मितीचा मीटर वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कुणी वाचतच नाही. तो वाचायची जबाबदारी पहिल्याच दिवशी एका माणसाला नेमून द्या.

बिल ज्या महिन्याच्या नावाने येतं, वापर त्याच महिन्यातला असतो असंही नाही. रिडींगच्या दोन तारखा टाका. मीटर रूमला कुलूप होतं म्हणून सरासरीवर बिल आलं असेल तर पोर्टलमध्ये 'अंदाजे' ही खूण करा. नाहीतर पुढच्या खऱ्या बिलात उसळी दिसते आणि ती कशामुळे आली, हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.

एक्सेलचा दगा

महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी. साध्या सेलमध्ये टाकला की एक्सेल तो दशांश आणि 'ई' घालून छोटा करून दाखवतं. तशीच फाईल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) म्हणून जतन केली की सुरुवातीचे काही सोडून बाकीचे अंक कायमचे गेले. मग पाच मीटरचा डेटा एकाच मीटरवर जमा होतो, किंवा अपलोड परत येतं. आकडे भरण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा. तारखांमध्ये दिवस आधी की महिना आधी, हेही पोर्टलच्या नमुना फाईलमध्ये बघून घ्या.

क्षेत्रफळ

आपल्याकडे सगळं चौरस फुटात चालतं, बहुतेक पोर्टल चौरस मीटर धरतात. ४०,००० चौरस फूट म्हणजे सुमारे ३,७१६ चौरस मीटर. वर्षाला ३,७१,६०० युनिट जाळणाऱ्या इमारतीचा वापर चौरस मीटरमागे १०० युनिट येतो. फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात गेला की तोच नऊवर येतो. असा आकडा बघून खूश होणारे मालक मी पाहिलेत, आणि तपासणीत तो उघडा पडल्यावरचा त्यांचा चेहराही. विक्रीच्या माहितीपत्रकातलं सुपर बिल्टअप (जिने, लॉबी अशा सामायिक जागांचा वाटा धरलेलं क्षेत्रफळ) घेऊ नका, मंजूर नकाशा काढा.

कार्बनचा आकडा आपण काढून टाकायचा नाही. युनिट आणि लिटर टाका, गुणाकार पोर्टलला करू द्या. फक्त विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा भारतासाठीचा गुणांक निवडलाय ना, ते बघा. तो युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास असतो.

पाणी, आणि कोल्हापूरचा पूर

महापालिकेचं बिल सगळे टाकतात. बोअर आणि टँकर राहून जातात. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. दोन्ही वेळा उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ बंद पडले. त्या दिवसांचा वापर काही पोर्टलवर शून्य दिसतो. इमारतीत माणसं राहत होती, टँकरचं पाणी वापरत होती, पावत्या मात्र कुणी ठेवल्या नाहीत. शाहूपुरी, नागाळा पार्कसारख्या सखल भागात तर तळमजल्यावरचे मीटरही बुडाले. मीटर बदलला असेल तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रिडींग वेगवेगळं टाका, नाहीतर वजाबाकी उणे येते.

तुलनेसाठी पायाभूत वर्ष निवडताना हे सगळं आठवा. २०१९-२० मध्ये पूर, २०२०-२१ मध्ये लॉकडाऊन, २०२१-२२ मध्ये परत पूर. यातलं एखादं वर्ष पाया धरलंत, तर पुढे एलईडी लावा नाहीतर नवे पंप बसवा, वापर वाढलेलाच दिसणार.

राजारामपुरीच्या त्या संकुलात आम्ही रजिस्टरचा रकाना बदलला नाही. मामा आजही मराठीतच आकडे लिहितात. आता दर महिन्याला फोटो पाठवण्याआधी ते फोनवर एकेक आकडा वाचून दाखवतात, आणि एंट्री मी करतो.