डेनारियसचा संग्रह: सुरुवात टायबेरियसपासून

आरंभीच्या रोमन साम्राज्यातील डेनारियस ही चांदीची नाणी जमवायची असतील, तर बाराही सीझरांचे (ज्युलियस सीझर ते डोमिशियन) चेहरे पुरे करण्याचा मोह आधी आवरावा. ओथोसारख्या अल्पकाळ टिकलेल्या सम्राटाचे डेनारियस महाग असतात आणि नवखा संग्राहक तिथेच फसतो. त्याऐवजी टायबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) एकच प्रकार नीट शिकावा. पुढच्या बाजूस सम्राटाचे मस्तक आणि मागे राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. तिला बरेच अभ्यासक त्याची आई लिव्हिया मानतात. लुग्दुनुम, म्हणजे आजच्या लिआँ येथे पाडलेले हे नाणे विपुल आहे आणि दक्षिण भारतात सापडलेल्या पुरलेल्या नाण्यांच्या साठ्यांमध्येही ऑगस्टसच्या नाण्यांबरोबर ते मोठ्या संख्येने मिळाले आहे. बायबलमधील कराच्या नाण्याशी त्याचे नाव जोडले गेल्याने किंमत मात्र थोडी फुगलेली असते.

खरेदीपूर्वी वजन करावे. टायबेरियसचे चांगले नाणे साधारण ३.६ ते ३.९ ग्रॅम भरते, इ.स. ६४च्या सुमारास नीरोने वजन घटवल्यानंतरची नाणी सुमारे ३.४ ग्रॅमची किंवा त्याहून हलकी असतात. वजन फारच कमी भरले आणि अक्षरांच्या कडेला तांबूस रंग डोकावत असेल, तर तांब्यावर चांदी चढवलेले नाणे असण्याची शक्यता धरावी. अशी नाणी रोमन काळातही होत असत, तेव्हा मुलाम्याचे नाणे आधुनिक बनावटच असते असे नाही. त्यानंतर भिंगाखाली कड फिरवून पाहावी. ओतीव नकलेत कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसतात. नाणे वाजवून पाहण्याची आपली जुनी सवय इथे सोडावी, कारण शतकानुशतके मातीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. अक्षरे अर्थहीन पण नाणे जुने वाटत असेल, तर ते भारतात झालेले अनुकरण असू शकते. माझ्या मते संग्रहात त्याला मूळ नाण्याइतकाच मान द्यावा.

भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. त्यामुळे परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात सापडलेला ऐवज १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, म्हणून ‘नुकतेच निघाले’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

काळसर झाक घासून काढू नये. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी आम्लरहित कागदी पाकिटात ठेवून त्यावर वजन, व्यास आणि पूर्वीच्या मालकीची नोंद करावी.