उन्हाळ्यात अंडी बंद झाली? टॉनिकचा डबा ठेवा बाजूला, आधी पाण्यात बोट घाला

राम राम मंडळी. मार्च संपत आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात एकच तक्रार सुरू होते, मंगळवेढा असो, अक्कलकोट असो नाहीतर करमाळा, "कोंबड्यांनी अंडी बंद केली, काय औषध देऊ?" आणि विचारणारा बऱ्याच वेळा दुकानातूनच फोन करतो, म्हणजे डबा हातात घेतलेलाच असतो, फक्त कुणीतरी हो म्हणायचं बाकी असतं. मी एकच विचारतो, दुपारी दोन वाजता कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी कसं होतं? उत्तर ठरलेलं, "पाणी सकाळीच भरून ठेवलंय की ओ, भांडं अजून भरलेलंच हाय."

तेच तर दुखणं आहे. ४२ अंशात दहा कोंबड्या फिरतायत आणि भांडं दुपारपर्यंत भरलेलं, याचा अर्थ कोंबड्या पाणी पीतच नाहीयेत. भांडं रिकामं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं, भरलेलं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त. सकाळी सातला ते लाल-पांढरं प्लास्टिकचं भांडं भिंतीच्या सावलीत असतं, साडेदहाला सावली सरकते, बाराला भांडं भर उन्हात. पत्र्याशेजारी असेल तर आणखीच वाईट. जवळ बसून बघा एकदा, कोंबडी येते, चोच बुडवते, मान झटकून थेंब उडवते आणि निघून जाते. पिणारी कोंबडी मान झटकत नाही, ती चोच भरून मान वर करते, कारण तिला आपल्यासारखं ओढून पिता येत नाही, पाणी मान वर करूनच घशात सोडावं लागतं. मान वर जात नसेल तर पाणी पोटात जात नाही, सोपं आहे.

म्हणून दुपारी एक ते तीनच्या मध्ये भांड्यात बोट घालायचं. पाणी कोमट लागलं तर ओतून द्यायचं, झाडाला घाला, वाया जात नाही. आणि नवीन भरताना छतावरच्या टाकीचं किंवा उन्हात पसरलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी भरू नका, ते तर चहा करायच्या लायकीचं असतं, नळी मोकळी होऊ द्या नाहीतर सरळ माठातलं, रांजणातलं घ्या. ज्या शहरात नळाला काही दिवसाआड पाणी येतं तिथं लोक बॅरल भरून ठेवतात, ते बॅरल आधी सावलीत घ्या.

आता पाण्याचा आणि अंड्याचा संबंध काय ते थोडं बघा, म्हणजे दुकानदार काय विकतोय ते कळेल. अंड्याच्या आत जे असतं त्यातलं साधारण ७५ टक्के नुसतं पाणी. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तासांच्या आसपास कवच बनण्यात जातात, आणि कवचाचं बहुतेक काम रात्री चालतं. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशाच्या पुढं असतं, तिला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच ती गार होते आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी बाहेर. त्या धापांमुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा मालच कमी पडतो, म्हणून मे महिन्यात अंड्याचं कवच कागदासारखं पातळ होतं, कधी नुसतं मऊ पिशवीसारखं अंडं पडतं. लोक म्हणतात कॅल्शियम कमी झालं, कॅल्शियमची बाटली आणतात, आणि भांडं तसंच उन्हात. एक दिवस पाणी तुटलं तर अंडी पुढं बरेच दिवस जागेवर येत नाहीत, जास्त ताण बसला तर कोंबडी अवेळी पिसंच टाकायला लागते, मग विसरा अंडी.

कोंबड्यांचा दिवस कसा जातो हे ज्यानं नीट बघितलंय त्याला पाणी कुठं आणि कधी ठेवायचं ते सांगावं लागत नाही. उजाडलं की खाली उतरायचं, तासभर जोरात खाणं. सात ते दहा-अकरापर्यंत बहुतेकींची अंडी घालायची वेळ, अंडं घालून कोकलत बाहेर आली की कोंबडी पहिली जाते ती पाण्यावर, तेव्हा भरपूर पिते. रोज अंडं थोडं थोडं उशिरा पडत जातं, मग एक दिवस खाडा आणि परत सकाळपासून सुरू, त्यामुळं एखादा दिवस अंडं नाही म्हणून लगेच घाबरू नका. अकरा ते चार सावलीत पडून राहणं, मातीत लोळणं. चारनंतर परत चरणं, आणि दिवस मावळायच्या आधी परत एकदा पोटभर पाणी. म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या वेळा, अंडं घातल्यावर आणि खुराड्यात शिरायच्या आधी. आपल्याकडं संध्याकाळी काय होतं, भांडं दुपारीच गरम होऊन पडलेलं किंवा कोंबड्यांनी पाय घालून सांडलेलं, घरात भाकरीची गडबड, मुंगसाच्या भीतीनं पोरं पाच-सहालाच कोंबड्या हाकलून दार लावून टाकतात. रात्रभर कवच बनवायचंय आणि ही तहानलेली आत.

आणखी एक. कळपात थोरल्या-धाकट्याचा मान असतो. एक कोंबडा आणि दोन दांडग्या कोंबड्या सावलीतल्या भांड्यापाशी ठाण मांडतात, नवीन तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या), बारक्या कोंबड्या जवळ गेल्या की टोच बसते. त्या जातात कुठं तर मोरीवर. परसातल्या मोरीच्या पाटात, साबणाच्या पाण्यात कोंबड्या चोची घालताना दिसल्या की समजायचं आपलं भांडं फेल गेलंय. दोन दिवसांनी त्याच कोंबड्या पातळ हगतात आणि मग जुलाबाचं औषध सुरू.

तर पाण्याचं असं करा:

• एक मोठं भांडं नको, दोन-तीन बारकी, वेगवेगळ्या कोपऱ्यात.
• मातीचं परळ किंवा पसरट मडकं, लिंबाच्या झाडाखाली निम्मं जमिनीत गाडून. माझा अनुभव असा की प्लास्टिक आणि माती शेजारी ठेवली तर कोंबड्या मातीच्याच भांड्यावर जातात.
• बाहेरून ओलं पोतं गुंडाळा.
• दहा मोठ्या कोंबड्यांना हिवाळ्यात दोन-अडीच लिटर पुरतं, एप्रिल-मे मध्ये चार-पाच लिटर धरून चाला.
• पाणी बदलायचं सकाळी, अकराला, दोनला, पाचला. दोन वेळाच जमत असेल तर अकरा आणि पाच सोडू नका.
• आतला शेवाळाचा बुळबुळीत थर रोज नारळाच्या शेंडीनं घासून काढा.

खाण्याचं. दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी जास्त जाणवते, म्हणून नऊ-दहा वाजता ज्वारी-मका टाकला की ती उष्णता बरोबर दुपारच्या उन्हात येते. पहाटे उजाडायला घाला आणि मग संध्याकाळी पाचनंतर. दुपारी काय द्यायचंच असेल तर कलिंगडाच्या साली, काकडी, कोथिंबिरीची देठं, घास. संध्याकाळच्या खाण्यात शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाईल. घरची अंड्याची टरफलं भाजून बारीक कुटून दिली तरी चालतात, नुसती फोडून टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती सवय मोडत नाही.

आता टॉनिकबद्दल. अंडी वाढवायचं पावडर, लिव्हर टॉनिक, उन्हाळ्याचं स्पेशल पाकीट, सगळ्याच्या डब्यावर लालभडक तुऱ्याची कोंबडी असते. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही, इलेक्ट्रोलाइट (पाण्यात घालायचे क्षार) आणि व्हिटॅमिन सी चा उन्हात उपयोग होतो हे पशुवैद्यकीय खातंही सांगतं. पण ते टाकायचं कशात, पाण्यात. आणि पाणीच पीत नसेल तर तीनशे-चारशेचा डबा भांड्याच्या तळाशी बसतो. आठ-दहा कोंबड्यांसाठी एवढा खर्च कशाला, गावरान अंडं दहा-पंधरा रुपयाला जातं, डब्याचे पैसे निघेपर्यंत मृग येईल. फारच ऊन असेल त्या दिवशी एक लिटर गार पाण्यात लिंबाएवढा गूळ आणि चिमूटभर मीठ, दुपारच्या एका भांड्यात, बाकी भांड्यांत साधं पाणी. मीठ चिमटीपेक्षा जास्त नको, कोंबडीला मीठ बाधतं. गुळाचं पाणी तीन-चार तासांत ओतून द्या, आंबतं. इलेक्ट्रोलाइटचं पाकीट आणलंच असेल तर त्यावर छापलेलाच डोस, "जरा जास्तच टाका" असं दुकानदार म्हणाला तरी नाही.

खुडूक कोंबडीचं मला वेगळं सांगायचंय, कारण सगळ्यात वाईट मरण तिचं बघितलंय. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवरून दिवसातून एकदा, वीसेक मिनिटांसाठी उठते, बाकी हलत नाही, तहान लागली तरी नाही. तिला लोक पत्र्याखाली डाल्यात झाकून ठेवतात, वर दगड, आणि पाणी सकाळी दाखवलं की झालं. संध्याकाळी डालं उचललं तर कोंबडी पंख पसरून अंड्यांवरच मेलेली, खालची अंडी अजून गरम. एप्रिल-मे मध्ये कोंबडी बसवूच नका, मृग लागू द्या, ७-८ जूननंतर दोन पाऊस झाले की बसवा. बसलीच असेल तर घरातल्या गार खोलीत, जमिनीवर, बुट्टीत वाळू घालून, आणि मान लांब केली की चोच पोचेल एवढ्या अंतरावर पाण्याची वाटी. खुडूक मोडायची असेल तर नाकात पीस घालणं, पाण्यात बुचकळणं असले प्रकार बंद करा. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात सावलीत तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी समोर ठेवून, पोट गार पडलं की खुडूकपणा जातो.

अंडी दिवसातून दोनदा तरी गोळा करा. कोंबड्यासोबतची अंडी फळलेली असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या गर्मीत ती टोपलीत पडल्या पडल्याच आतून वाढायला लागतात, मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. आणि कोंबडी खुराड्यात अंडं घालायचं सोडून कडब्याच्या गंजीत, बाभळीखाली, गाडग्याच्या अडगळीत घालायला लागली तर ती चोरून घालत नाहीये, तिला खोका गरम लागतोय. खोका हलवा, अंधाऱ्या गार कोपऱ्यात ठेवा, आत एक खोटं अंडं किंवा गुळगुळीत पांढरा दगड ठेवा, येते परत.

बाकी नेहमीचं:

• चार-पाच कोंबड्यांना एक खोका, फूटभर लांब-रुंद, आत कोरडं गवत.
• आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.
• पत्र्यावर चुना मारा किंवा पाचट टाका, चुलीपासून लांब.
• खुराड्याला एका बाजूनं जाळी. बंद डबा नको.
• राखमिश्रित मातीचा खड्डा लोळायला, उवा-पिसवा कमी होतात.
• जंताचं औषध तीन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून.
• लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस) पिल्लांना ५ ते ७ दिवसांत, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब.
• आर टू बी लस (हीपण मानमोडीचीच) आठव्या आठवड्यात, ०.५ मिली टोचून. लस बर्फातच आणायची, फोडली की तासा-दोन तासात संपवायची, द्यायची पहाटे किंवा संध्याकाळी. आजारी, धापा टाकणाऱ्या कोंबडीला नाही.
• देवीची लस डॉक्टर सांगतील त्या वयात.

आता वळवाच्या दिवसांचं, हे लक्षात ठेवा. नुसत्या कोरड्या उन्हापेक्षा पाऊस यायच्या आधीचा उकाडा जास्त कोंबड्या मारतो. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पारा ४० वर, अशा वेळी हवेतच ओल असल्यामुळं धापा टाकूनही अंग गार होत नाही. कोरड्या हवेत पोत्यावर, जमिनीवर पाणी मारलेलं चालतं, उकाड्यात खुराड्यात पाणी मारू नका, दारं उघडा, पंखा असेल तर लावा. हवामान खात्याचा वळवाचा इशारा आला की त्या दिवशी दुपारी घरात कुणीतरी एक माणूस थांबवाच. गिरिराज, वनराजसारख्या वजनदार कोंबड्या आधी पडतात, गावरान जरा तग धरते.

चोच उघडी, पंख अंगापासून लांब, तुरा काळपट, पाय लटपटतायत अशी कोंबडी दिसली तर लगेच सावलीत घ्या, पाय आणि तुरा साध्या पाण्यानं ओला करा, चोचीच्या कडेनं थेंब थेंब पाणी सोडा, घशात ओतायचं नाही. बर्फाचं पाणी अंगावर मारू नका. दुपारी तीन ते पाच हीच वेळ असते पडण्याची.

आणि एक फरक ओळखा. उन्हानं मेलेल्या कोंबड्या एकाच दुपारी पडतात, रात्री गारवा आला की मर थांबते, दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या नीट खातात. सकाळीसुद्धा मर चालू असेल, हिरवट-पांढरी पातळ हगवण असेल, मान पिळवटलेली असेल तर ती मानमोडी समजा. तिथं पाणी, गूळ कशाचाच उपयोग नाही. मेलेल्या खोल पुरा आणि वर चुना टाका, ओढ्यात फेकू नका, उरलेल्या स्वस्तात बाजारात नेऊन विकू नका कारण त्याच पिशवीतून रोग पुढच्या गावात जातो, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी सांगा, नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा.