लावणीवर प्रकल्प करताय? नृत्याच्या कपाटाशीच थांबू नका

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायची जी ड्यूई वर्गीकरण पद्धत आहे, तिच्यात लोकनृत्य ७९३.३ वर असतं, पण तिथे लावणीवर फारसं हाती लागत नाही. रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या ८९१.४६ला, म्हणजे मराठी साहित्यात असतात. तमाशा ७९२ला, रंगभूमीत. ग्रंथालयाच्या संगणकावर नुसतं ‘लावणी’ टाकलंत तर भातलावणीचीही पुस्तकं येतील. म्हणून ‘तमाशा’, ‘शाहिरी’, ‘लोकसाहित्य’ हे शब्दही वापरा. पुस्तक सापडलं की शेवटची संदर्भसूची आधी वाचा, मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड मात्र ग्रंथपालांकडे मागावेच लागतात; ते बहुधा उघड्या कपाटात नसतात. टिपण काढताना आवृत्ती, वर्ष आणि पान तिथेच लिहा.