युद्धकाळात पॅरिशच्या मंडळाने मदतकार्य कसे उभारावे

मायदेशात युद्ध पेटले की परदेशातील ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाची) पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा स्थानिक भाविकसमुदाय, आणि तिला जोडलेली सांस्कृतिक मंडळे सर्वांत आधी वर्गणीला लागतात. वर्गणी जमतेही, घोडे अडते ते मदत पोहोचवताना. म्हणून आखणीची सुरुवात वाटेपासून करावी.

याचा धडा ग्रीसने दिला आहे. इटलीने हल्ला केल्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये तेथील ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख आर्चबिशप अथेनागोरस यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ग्रीक वॉर रिलीफ असोसिएशन ही मदतसंस्था उभी राहिली आणि पॅरिशांचे आयते जाळे असल्यामुळे निधी झपाट्याने जमला. मात्र एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीसवर आक्रमण करून तो व्यापला, ब्रिटनने नाकेबंदी केली आणि पैसा हाताशी असूनही धान्य धाडता येईना. अखेर तटस्थ तुर्कस्तानात धान्य खरेदी करून ऑक्टोबरपासून 'कुर्तुलुश' जहाजाने ते अथेन्सच्या पिरेयस बंदरात नेण्यात आले. हे जहाज जानेवारी १९४२ मध्ये बुडाले. त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. रेड क्रॉसच्या देखरेखीखाली स्वीडिश जहाजांतून कॅनडाचा गहू नियमित येऊ लागला, तो १९४२च्या उत्तरार्धात. यावरून, निधीचे आवाहन करण्यापूर्वीच तटस्थ वाहतूकदार, दोन्ही बाजूंची लेखी परवानगी आणि माल उतरवून घेणारी स्थानिक संस्था निश्चित करावी, आणि एक वाट बंद झाल्यास दुसरी कोणती, हेही ठरवून ठेवावे.

वाटपासाठी पॅरिशची कुटुंबवार यादी हेच खरे भांडवल होय. तिच्यात लहान मुले, बाळंतिणी आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांची वेगळी नोंद ठेवावी. कोरडा शिधा द्यायचा की शिजवलेले अन्न, हे सरपणाच्या उपलब्धतेवर ठरवावे. ही यादी शत्रूच्या हाती पडू शकते, हे मात्र विसरू नये. तिची प्रत मोजक्याच विश्वासू व्यक्तींकडे असावी.

मदत देताना धर्म विचारू नये. व्याप्त अथेन्समध्ये आर्चबिशप दमास्किनोस यांनी मार्च १९४३ मध्ये ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला आणि ज्यू ख्रिस्ती म्हणून खपून वाचावेत यासाठी त्यांना बाप्तिस्म्याचे (ख्रिस्ती दीक्षेचे) दाखले देण्यास धर्मगुरूंना सांगितले. अशा दाखल्यांची नोंद हिशेबाच्या वहीत करू नये. पैशाची आणि धान्याची मात्र पै न् पै आणि पोते न् पोते लिहून ठेवावे, कारण युद्ध संपल्यावर वर्गणीदार हिशेब मागतात, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे.