पहिली निवडणूक स्थानिकच घ्या: परदेशात निवडणूक निरीक्षक म्हणून जाणाऱ्यांसाठी

निवडणूक निरीक्षक व्हायचं म्हणणाऱ्या बहुतेकांना राष्ट्राध्यक्षाची किंवा संसदेची निवडणूक हवी असते. माझा सल्ला उलटा आहे. संधी मिळाली तर सुरुवात नगरपालिकेच्या निवडणुकीपासून करा. तिथे उमेदवार, मतदार, केंद्रावरचे कर्मचारी सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. दबाव आलाच तर तो त्या ओळखीतूनच येतो, आणि तो पाहायला शिकलात की पुढे मोठ्या निवडणुकीत फारसं काही नजरेतून सुटत नाही.

दोन कागद आधी वाचून घ्या. पहिला 1990 चा कोपनहेगन दस्तऐवज. ओएससीई, म्हणजे युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना, आणि तिचं वॉर्सातलं ओडिर हे कार्यालय यांच्या निवडणूक निरीक्षणाचा पाया हाच. त्याच्या आठव्या परिच्छेदात निरीक्षकांना बोलावण्याचं वचन आहे. मात्र राष्ट्रीय पातळीच्या खालच्या निवडणुकांसाठी भाषा सैल होते. तिथे देशांनी फक्त ‘प्रयत्न’ करायचा आहे. दुसरा कागद 2005 साली संयुक्त राष्ट्रांत जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाची तत्त्वं आणि त्यासोबतची निरीक्षकांची आचारसंहिता. याखेरीज स्ट्रासबर्गला युरोप परिषदेची स्थानिक आणि प्रादेशिक शासनांची काँग्रेस आहे. ती स्थानिक निवडणुकांवर लक्ष ठेवते आणि तिचे निरीक्षक स्वतः निवडून आलेले नगरसेवक, महापौर असतात. तुम्ही युरोपात नगरसेवक असाल तर तो रस्ता वेगळा.

मी जॉर्जिया या देशाचं उदाहरण देते. 2 ऑक्टोबर 2021 ला तिथे 64 नगरपालिकांचे महापौर आणि परिषदा निवडायच्या होत्या. निवडणूक नावाला स्थानिक होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने एक करार झाला होता: या स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी जॉर्जियन ड्रीम पक्षाला 43 टक्क्यांपेक्षा कमी मतं पडली तर संसदेची मुदतपूर्व निवडणूक घ्यायची. जुलैअखेर पक्षाने करारातून अंग काढून घेतलं, पण 43 हा आकडा काही लोकांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यात मतदानाच्या आदल्या दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष मिखाइल साकाश्विली यांना देशात परतल्यावर अटक झाली. अशा वातावरणात आम्ही अल्पकालीन निरीक्षक तिब्लिसीत दोन दिवस माहितीसत्रं ऐकून आपापल्या जिल्ह्यात पांगलो. दोघांची जोडी, दोघं वेगवेगळ्या देशांचे, सोबत एक स्थानिक दुभाषी आणि एक चालक.

केंद्र सकाळी आठला उघडतं, पण तुम्ही सातला हजर हवं. कोणी कुठलं काम करायचं यासाठी कर्मचाऱ्यांत चिठ्ठ्या निघतात, ते पाहण्यासारखं असतं: यादीवर कोण बसणार हे आदल्या रात्री कोणाला ठरवता येऊ नये म्हणून ही सोय. मग रिकामी पेटी दाखवून सील होते. पहिल्या मतदाराची सही घेऊन एक नियंत्रण पत्रक पेटीत टाकतात, आणि रात्री पेटी उघडल्यावर ते आत सापडावंच लागतं. शाई आपल्यासारखी जांभळी नसते. बोटावर फवारलेली शाई डोळ्यांना दिसतच नाही; दाराशी उभा कर्मचारी अतिनील दिव्याखाली बोट धरायला लावतो.

नवखे निरीक्षक आत गेले की मतपेटीजवळ खिळतात. आधी बाहेर फाटकापाशी पाच मिनिटं थांबा. पश्चिम जॉर्जियातल्या एका गावातल्या शाळेबाहेर दोन माणसं वही घेऊन उभी होती. मतदार आला की एकजण नाव विचारायच्या आधीच टिक करायचा. काही बाया त्याच्याकडे न बघताच आत जायच्या, काही मुद्दाम थांबून नमस्कार करायच्या. आपल्याकडे केंद्राबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या देणारे कार्यकर्ते आपण लहानपणापासून पाहतो, त्यामुळे यात काही वावगं वाटत नाही. मराठी निरीक्षकाची नजर इथेच फसते. त्या गावात कोण नगरपालिकेत नोकरीला, कोणाची सून बालवाडीत, कोणाला सरकारी मदत मिळते हे वहीवाल्याला पाठ असतं. आपण नोंदवायचं ते एवढंच: किती माणसं, किती अंतरावर, हातात काय, मतदारांशी बोलतात का, कर्मचाऱ्यांनी हटकलं का. ‘दबाव होता’ असं लिहायचं नाही. तो निष्कर्ष अनेक जोड्यांच्या नोंदी एकत्र आल्यावर मुख्य पथकाने काढायचा.

आत गेल्यावर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: स्वतंत्र संस्थेचा निरीक्षक म्हणून बिल्ला लावलेला माणूस खरोखर स्वतंत्र वागतोय का? जॉर्जियात अशा काही संस्थांचे लोक पक्षाच्या पोलिंग एजंटसारखे वावरतात, ही तक्रार ओडिरच्या अहवालांत आहे.

मतमोजणीला दमून जाल. 2021 मध्ये एकेका मतदाराच्या तीन मतपत्रिका होत्या: महापौर, पक्षयादी (म्हणजे उमेदवाराला नव्हे, पक्षाला मत) आणि प्रभागातला सदस्य. तेव्हा मतदाराने उमेदवाराच्या क्रमांकाभोवती गोल काढायचा असे, आणि अर्धवट गोल वैध की अवैध यावर मध्यरात्री वाद पेटायचा. कोणीतरी तुमच्याकडे वळून विचारतंच, “तुम्ही सांगा!” सांगायचं नाही. मतपत्रिकेला हात लावायचा नाही, चूक दिसली तरी दुरुस्त करायला जायचं नाही. यादीतल्या सह्या आणि पेटीतल्या पत्रिका यांचा मेळ लागला का, अंतिम तक्त्यात आकडे पेनाने भरले की आधी पेन्सिलने, प्रत भिंतीवर लागली का, हे बघा. मग मतपत्रिका आणि तक्ते भरलेल्या पाकिटांच्या मागोमाग जिल्हा निवडणूक आयोगापर्यंत जा. तिथे झोप अनावर होते, पण आकडे बदलायची जागाही तीच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षण मोहिमेचं प्राथमिक निवेदन येतं. 2021 चं निवेदन तेव्हा अनेकांना गुळमुळीत वाटलं: तांत्रिक व्यवस्था चांगली, स्पर्धा खरी, पण धमक्या, मतखरेदी आणि मतदारांवरच्या दबावाचे आरोप सर्वदूर. मला ते चोख वाटलं. ‘निवडणूक मुक्त होती का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असेल तर हे काम तुमच्यासाठी नाही.

आणि निमंत्रणाशिवाय यातलं काहीच होत नाही. ऑक्टोबर 2025 च्या जॉर्जियातल्या स्थानिक निवडणुकांसाठी ओडिरला बोलावणं इतकं उशिरा गेलं की निरीक्षण झालंच नाही. आणि निमंत्रणाच्याही आधी मुळात निवडणूक व्हायला हवी; ती वेळेवर होणं हा कोपनहेगन दस्तऐवजातल्या निकषांच्या यादीतला पहिला निकष. मुंबई महापालिका मार्च 2022 नंतर किती काळ प्रशासकाच्या हाती होती हे आठवून बघा, म्हणजे हा निकष पहिला का ते कळेल.

आता अर्जाचं. ओएससीईच्या मोहिमांना सदस्य देश आपली माणसं पाठवतात, आणि भारत त्यात नाही. माझ्याकडे आता जर्मन पासपोर्ट आहे, म्हणून बर्लिनच्या झिफ या संस्थेमार्फत मला जाता आलं. भारतीय पासपोर्ट असेल तर बँकॉकच्या ॲन्फ्रेलकडे लक्ष ठेवा. ती संस्था आशियातल्या निवडणुका पाहते. पगार नसतो, प्रवास आणि दैनिक भत्ता मिळतो. ओडिरचा अल्पकालीन निरीक्षकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, तो अर्जाआधीच उरका. रशियन येत असेल तर ते ठळक लिहा. आणि शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी म्हणून आपल्याकडे इलेक्शन ड्युटी केली असेल, तर ती ‘इतर अनुभव’ या रकान्यात दडवू नका. केंद्राध्यक्षाचं काम केलेला माणूस निवड समितीला रोज भेटत नाही.