‘एडिटमध्ये बघू’ म्हणण्याआधी: स्टुडिओतल्या मुलाखतीत या चुका टाळा

स्थानिक चॅनेलच्या कुठल्याही रेकॉर्डिंगला जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘चालू द्या, एडिटमध्ये बघू.’ प्रत्यक्षात एडिटमध्ये बघता येतं ते फार थोडं. चित्र जरा काळं आलं तर उजळता येतं, अडखळलेलं वाक्य कापता येतं, नाव चुकलं तर पडद्यावरची नावाची पट्टी बदलता येते. पण माइकवर घासणारा पदर, फाटलेला आवाज आणि पाहुण्यानं चहा पिताना सांगून टाकलेला किस्सा यांना एडिटच्या टेबलावर औषध नाही.

नाशकात अशा मुलाखती करणारे पुष्कळ आहेत. केबलवरची चॅनेलं, कॉलेजांतले पत्रकारितेचे विभाग, गाळ्यात पडदा आणि तीन लाइट लावून बसलेली हौशी मंडळी. बजेट वेगवेगळं असतं, चुका मात्र त्याच. नंतर ज्या दुरुस्तच होत नाहीत त्या आधी घेतो.

मुलाखत चहाबरोबरच संपते

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आलेत असं समजा. द्वारका सर्कलच्या कोंडीतून सुटून कसेबसे पोचले, घाम पुसला, चहा घेतला. मुलाखत घेणारा उत्साही. तो लगेच विचारतो, ‘काका, यंदा बागेचं काय?’ काका सुरू होतात: ‘काय सांगू, पोंग्यातच पावसानं गाठलं. रात्री दोनला उठून ट्रॅक्टर काढला, तरी डाऊनीनं पार वाट लावली. मालक म्हणायचं न् बागेत जायची हिंमत होईना.’ सगळे ऐकतात, हळहळतात. मग आत जाऊन दिवे लागतात, फ्लोअर मॅनेजर पाच-चार-तीन मोजतो, आणि तेच काका म्हणतात: ‘सदर हंगामात अवकाळी पावसामुळे द्राक्षपिकावर केवडा रोगाचा मोठ्या प्रमाणात प्रादुर्भाव झाला, हे मी मघाशी आपल्याला सांगितलंच.’

झालं. प्रेक्षक ‘मघाशी’ तिथे नव्हता.

यात दोन चुका एकमेकीत गुंतल्या आहेत. पहिली म्हणजे उत्तर आधीच काढून घेणं. माणूस एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगतो तेव्हा ती आठवत आठवत सांगतो, दुसऱ्यांदा सांगताना तिचा सारांश देतो. म्हणून फोनवर विषय ठरवा, तारखा आणि नावं नोंदवून घ्या, पण ‘मग काय झालं?’ हा प्रश्न कॅमेरा सुरू होईपर्यंत तोंडातून काढू नका. चहाच्या वेळी ट्रॅफिकवर बोला, पावसावर बोला, नाशिकच्या चुलीवरच्या मिसळीवर वाद घाला. बोलता बोलता पाहुणा विषयाकडे वळलाच तर सरळ सांगा, ‘थांबा काका, हे आत सांगायचं आहे.’ कुणालाही राग येत नाही, उलट आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे हे त्याला कळतं.

दुसरी चूक पाहुण्याची वाटते, पण आहे आपलीच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्या पडद्यावर वाढलेल्या पिढीच्या मनात ‘टीव्हीवर असं बोलायचं असतं’ ही एक इस्त्रीची मराठी पक्की बसली. पहिलाच प्रश्न ‘आपल्या कार्याविषयी प्रेक्षकांना थोडक्यात सांगावं’ असा आला की तीच मराठी बाहेर पडणार. त्याऐवजी ज्याचं उत्तर छापील भाषेत देताच येत नाही असा प्रश्न विचारा: ‘ऑक्टोबर छाटणी कोणत्या तारखेला घेतली? त्या रात्री घरात कोण कोण जागं होतं?’ तारीख आठवताना माणूस खुर्चीवरून बागेत जातो, आणि भाषा आपोआप घरची होते.

मुलाखतकाराचं आणखी एक दुखणं म्हणजे प्रश्नांची यादी. पाहुणा म्हणतो, ‘त्या वर्षी मी जवळजवळ सगळं विकायला काढलं होतं,’ आणि मुलाखतकार कार्डाकडे बघून म्हणतो, ‘वा, छान. आता आपण आपल्या बालपणाकडे वळूया.’ अशी मुलाखत कितीही कापली तरी मेलेलीच राहते. कार्डावर पाच-सहा शब्द लिहा, पूर्ण वाक्यं नकोत. वाचायला काही नसलं की ऐकावं लागतं. दोन प्रश्न एका दमात विचारू नका, पाहुणा नेहमी सोप्याचं उत्तर देतो. आणि पाहुणा बोलत असताना ‘हं… हं… बरोबर… अगदी’ हे माइकवर नको, नुसती मान हलवा. तो हुंकार पाहुण्याच्या शब्दांवर बसला की वेगळा काढता येत नाही.

पैठणी, शाल आणि कॉलर माइक

माझ्या मते चित्रापेक्षा आवाजाला दुप्पट वेळ द्यायला हवा, आणि नेमका तोच सगळ्यात कमी दिला जातो. प्रेक्षक थोडं धूसर चित्र चालवून घेतो, खरखर ऐकली की चॅनेल बदलतो.

येवल्याची पैठणी नेसून ताई आल्या. सुंदर दिसतात. पण रेशमावर रेशीम घासलं की कॉलर माइकला ती सळसळ स्पष्ट ऐकू जाते, आणि पदर सावरायची सवय असेल तर दर वाक्याला एक खसका. माइक पदराच्या घडीत खोचू नका. हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, जिथे कापड हलत नाही अशा जागी लावा, मागून वायरचा छोटा वेढा देऊन मायक्रोपोर टेपनं चिकटवा. मंगळसूत्र माइकला लागत नाही ना, ते ताईंना पुढे वाकायला सांगून बघा. काचेच्या बांगड्या टेबलाच्या काचेवर वाजतात, म्हणून टेबलावर कापड टाका. पुरुष मंडळींत उपरणं आणि छातीवर हात मारून ‘मी स्वतः’ म्हणायची सवय हे दोन शत्रू.

आणि कृपा करून सत्कार रेकॉर्डिंगच्या आधी करू नका. शाल खांद्यावर आली की तिची कड माइकवर येते, नारळ मांडीवर राहतो आणि तो कुठे ठेवावा या विवंचनेत पहिली दहा मिनिटं जातात.

लेव्हल घेताना, म्हणजे रेकॉर्डिंगचा आवाज किती ठेवायचा ते ठरवताना, ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणायला लावलं तर माणूस कुजबुजतो, आणि मुलाखतीत रंगला की दुप्पट मोठ्यानं बोलतो. त्याला वाद घालता येईल असं काहीतरी विचारा आणि तेव्हाच्या आवाजावर लेव्हल बांधा. बोलण्याचे उंच टप्पे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज चपटा होतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्वीसारखा होत नाही. रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर त्याच माइकचा दुसरा ट्रॅक दहा डेसिबल खाली ठेवा. पाहुणा अचानक हसला तर तोच कामाला येतो.

मीटरची काडी हलताना दिसते म्हणून सगळं ठीक, हा भ्रम आहे. काडीला घासाघीस आणि बोलणं सारखंच. एका माणसानं पूर्ण वेळ कानावर हेडफोन लावून बसायचं, त्याला दुसरं काम द्यायचं नाही, आणि खरखर आली तर मुलाखत थांबवायचा अधिकार त्याला द्यायचा. पाहुणा मोठा आहे म्हणून तो भिडेखातर गप्प बसला, तर त्याला बसवून उपयोग नाही.

एसी अर्धा तास आधी लावून खोली गार करा आणि टेक सुरू होताना बंद करा. एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, पण मग वीस मिनिटांचे तुकडे करा, मध्ये एसी लावा. गाळा रस्त्याकडेला असेल तर लग्नसराईत मुहूर्ताची वेळ टाळा. वरात आणि डीजे कुठल्याही ध्वनिरोधक फोमला दाद देत नाहीत. मोबाइल सायलेंट नको, एअरप्लेन मोडवर हवा. वायरलेस माइकला दर रेकॉर्डिंगला नवे सेल. आणि शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची रिकामी शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. वाक्य कापल्यावर पडणारं भोक तिनंच बुजतं.

चित्राचं थोडक्यात

हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा. क्रोमा म्हणजे पडद्याच्या रंगाच्या जागी कॉम्प्युटरनं दुसरं चित्र टाकणं, आणि कॉम्प्युटरला पडदा आणि चुडा सारखेच. मागे गोदाघाट टाकला की ताईंच्या मनगटातून रामकुंड दिसायला लागतं. सणावारी, मंगळागौरीच्या कार्यक्रमांत हे दर वर्षी होतं, आणि कुणाला चुडा उतरवायला सांगणं शोभत नाही. निळा पडदा ठेवा, किंवा क्रोमाचा नादच सोडून मागे साधी भिंत आणि एक समई ठेवा. खरं सांगायचं तर तेच जास्त छान दिसतं.

बारीक चौकड्यांचा शर्ट पडद्यावर वळवळतो, म्हणून पाहुण्याला एक साधा शर्ट सोबत आणायला आधीच सांगा. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा असेल तर उजेड चेहऱ्यावर ठरवा, टोपीवर नाही, आणि वरून येणारा लाइट जरा बाजूला घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर स्वस्त एलईडी लाइट लुकलुकत नाहीत. दुसरा कॅमेरा म्हणून मोबाइल लावलात तर तोही २५ वर आणा, तो बहुतेक वेळा ३० वर असतो.

मऊ सोफा नको, माणूस त्यात बुडतो. फिरती खुर्ची तर अजिबात नको. मॉनिटर पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यातून फिरवून ठेवा. स्वतःला बघायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

‘सध्या’ म्हणजे कधी?

रेकॉर्डिंग आज, प्रसारण तीन आठवड्यांनी. पाहुणा म्हणतो, ‘सध्या लासलगावला कांद्याला बरा भाव आहे.’ कार्यक्रम लागेपर्यंत भाव कोसळलेला असतो आणि घरात बसलेला शेतकरी टीव्हीला शिव्या देतो. कांद्याच्या बाबतीत तीन आठवडे सोडा, तीन दिवससुद्धा लांबचे. ‘सध्या’, ‘काल’, ‘या आठवड्यात’ असे शब्द आले की मुलाखतकारानं लगेच हलकेच विचारायचं, ‘म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ना?’ उत्तर रेकॉर्ड झालं की काम झालं.

विशेष दिवसांचंही तसंच. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसामुळे २७ फेब्रुवारीला नाशकात मराठीच्या कार्यक्रमांची रेलचेल असते, आणि मुलाखत सुरू होते ती ‘आजच्या मराठी भाषा गौरव दिनी’ या वाक्यानं. तीच मुलाखत जूनमध्ये पुन्हा दाखवायची झाली तर सुरुवातच अडते. म्हणून सुरुवात दोनदा घ्या: एक दिवसाचा उल्लेख करून, एक त्याशिवाय. दोन मिनिटांचं काम आहे.

निवडणुका तोंडावर असतील तर पाहुण्याला स्पष्ट विचारा, ‘उभं राहायचा विचार आहे का?’ तो उमेदवार झाला आणि आचारसंहिता लागली की तुमचा भाग सहसा बाजूला ठेवावा लागतो.

मुलाखत की जाहिरात

केबल नेटवर्कच्या १९९४ च्या नियमांनुसार जाहिराती तासाला १२ मिनिटांत बसवायच्या असतात, आणि जाहिरात ही जाहिरात म्हणून कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. पण मुलाखतीत बसलेला डॉक्टर क्लिनिकचा पत्ता सांगतो, कृषी सल्लागार औषधाचं ब्रँडनाव घेतो, आणि समोरचा मुलाखतकार मान डोलावतो. ब्रँड नको, घटकाचं नाव विचारा. फवारणीचं प्रमाण पाहुणा आठवणीनं सांगत असेल तर ते तसंच जाऊ देऊ नका. त्यानंतर त्याच्याकडून लेखी घ्या, लेबलाशी ताडून बघा आणि पट्टीवर दाखवा, काढणीपूर्वी किती दिवस फवारायचं नाही त्यासकट. निर्यातीची द्राक्षं करणारा माणूस तुमचं ऐकून चुकीचं फवारेल तर त्याचा कंटेनर परत येईल, तुमचा कार्यक्रम नाही.

नावाची पट्टी

ही चूक सुधारता येते, म्हणून शेवटी. पण माणूस दुखावतो तो हिच्यामुळेच. नाव आणि हुद्दा पाहुण्याच्या हातानं कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकून नको. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की रफार उड्या मारतात आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ फुटतात. सुरगाण्याजवळच्या बाऱ्हे गावाचं पट्टीवर काय काय होऊ शकतं हे एकदा स्वतः टाइप करून बघा. पट्टी कॉम्प्युटरवर तपासू नका, तयार व्हिडिओत तपासा, फुटतात त्या तिथेच फुटतात.

पाहुण्याचे जुने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवले तर ते दाबून येतात आणि पडद्यावर चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा अल्बमच घेऊन यायला सांगा. अल्बम आला तर आणखी एक फायदा: तो उलगडतानाची बोटं चित्रित करून ठेवा, कापलेल्या वाक्यावर टाकायला तीच लागतात.

कार्यक्रम लागला की कच्चं रेकॉर्डिंग पुसायची घाई करू नका. कार्ड रिकामं हवं असतं हे खरं, पण दोन हार्ड डिस्कवर प्रत ठेवा, फाइलच्या नावात तारीख, पाहुण्याचं नाव आणि गाव घाला, आणि पाहुण्याची सही घेतलेला संमतीचा कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका. पुढे कधी त्यांच्या घरचे ‘बाबांची ती पूर्ण मुलाखत मिळेल का?’ म्हणून येतात, तेव्हा ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या फाइलींत ती सापडत नाही.